केक घेऊन गेलेली हेन्नी

हेन्नीच्या साठाव्या वाढदिवसाला सगळे आले. फक्त हेन्नी आणि केक, दोघांचा पत्ता नव्हता.

आमच्या एन्सखेडे या डच गावात वाढदिवसाला बोलावणं लागत नाही. प्रत्येकाच्या घरी संडासात टांगलेल्या कॅलेंडरवर तारीख लिहिलेली असते, ती पाहून माणसं येतात. खुर्च्या गोल मांडायच्या, येणाऱ्याने एकेकाशी हात मिळवून सगळ्यांचंच अभिनंदन करायचं, मग कॉफी आणि केकचा एक तुकडा. केक मात्र जिचा वाढदिवस तिनेच आणायचा. हेन्नी सकाळी तोच आणायला गेली होती. तिच्या घराची एक किल्ली शेजारी माझ्याकडे असते, म्हणून दार मी उघडलं.

हेन्नी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. नवरा हर्म होता तोवर सहली तोच आखायचा. थर्मास कुठल्या बाकावर उघडायचा हेसुद्धा त्याचं ठरलेलं असे. तो गेल्यावर हे काम थोरल्या बहिणीने, ट्रूसने, आपल्याकडे घेतलं. हेन्नी कधी नाही म्हणाली नाही. मला एकदा सहज बोलली होती, की प्रत्येक नवं गाव तिने कुणाच्या तरी पाठीमागून पाहिलंय.

त्या दिवशी ट्रूसला बहिणीबद्दल आणि मला शेजारणीबद्दल अभिनंदन मिळून झालं. कॉफी ओतली, तेवढ्यात ट्रूसच्या फोनवर निरोप आला: ‘डॉर्टमुंडच्या गाडीत बसलेय. केक माझ्याजवळ आहे. तुम्ही सुरू करा.’

ट्रूसने तिथेच फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“पुढच्या स्टेशनवर उतर आणि परत ये. आम्ही थांबतो.”

“नाही येत गं.”

“डॉर्टमुंडमध्ये तुझं आहे कोण?”

“कुणीच नाही. म्हणूनच चाललेय.”

पाहुण्यांनी कॉफीबरोबर बिस्किटं खाल्ली आणि एकेक करून उठले. हर्मचा भाऊ दारात म्हणाला, की वाढदिवस तसा छानच झाला. ट्रूस मात्र गेली नाही. कप धुताना मला म्हणाली, “आज एकटीला जमलं, तर उद्या मी तिला कशाला हवी?”

डॉर्टमुंडची हकिगत हेन्नीने मला नंतर सांगितली. बेकरी स्टेशनसमोरच आहे. केक घेऊन निघाली तर गाडी फलाटावर उभी दिसली. हर्मबरोबर ती नेहमी म्युन्स्टरच्या गाडीने बाजाराला जायची. ही दुसरी गाडी सीमेपलीकडे डॉर्टमुंडपर्यंत जाते एवढंच ठाऊक होतं. तिकीट काढलं आणि बसली. तिथे पोचल्यावर चुकीच्या ट्रॅममध्ये चढली आणि उतर म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे ट्रॅमचालकाची मधली सुट्टी होती. त्याने खिशातल्या चाकूने केक कापून दिला, एक तुकडा स्वतः खाल्ला आणि अभिनंदन केलं, फक्त तिचं. मग जिथे बरं वाटलं तिथे ती उतरत गेली, भेटेल त्याला केकचा तुकडा देत. खिळेमोळे विकणाऱ्या एका दुकानात बराच वेळ नुसती फिरली. कालव्यावर कोळशाची बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. रस्ता चुकला तरी कुणाची माफी मागावी लागली नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं.

संध्याकाळी ती परतली. खुर्च्या तशाच गोल होत्या आणि एकीवर ट्रूस होती. मी काही हवं का विचारायला गेलेली, दारातच थांबले. हेन्नीने दबलेला खोका टेबलावर ठेवला. आत दोन तुकडे उरले होते.

ट्रूसने आधी एक खाऊन संपवला. मग हात पुढे केला. “अभिनंदन.”

“तुझंही अभिनंदन. बहिणीचा वाढदिवस आहे तुझ्या.”

“काय आहे त्या डॉर्टमुंडमध्ये?”

“खास असं काही नाही.”

“मग दिवसभर केलंस काय?”

“चुकीच्या ट्रॅममध्ये बसले. येतानाही.”

ट्रूसने बोटं पुसली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी आधी सांगून जा.”

“सांगितलं तर तू येशील.”

“येईन की.”

“म्हणूनच आल्यावर सांगेन. सगळं सांगेन, आणि सगळ्यांत आधी तुला.”

ट्रूसने दुसरा तुकडा तिच्याकडे सरकवला आणि खुर्च्या एकीवर एक रचायला उठली.