नागमोडी चर

माझा शेजारी आणि मी, आम्ही दोघे फौजेत होतो, हे धामापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच खंदकात होतो, हे मी घरातही कधी बोललो नाही. तोही बोलत नाही.

पोफळीच्या बागेत पाण्यासाठी तो चर खणतो तो नागमोडीच. वळणावर पाणी तुंबतं, काठ ढासळतो. तो वाकून पुन्हा लिंपतो, पण चर सरळ करत नाही.

वाडीतले हसतात, "सापाक इचारून खणलंस काय रे?"

मान वर न करता तो म्हणतो, "सरळ चरात एकच गोळो सगळ्यांका पुरता."

मीही त्यांच्यासोबत हसत आलो. खरं तर तोफेचा गोळा पडला, तेव्हा खंदकात त्याने खणलेल्या वळणाआड मी त्याचा पाय धरून बसलो होतो, म्हणून वाचलो. एवढं वाडीसमोर सांगणं मी त्याला अजून देणं लागतो.