कपाळ पाहून लिहिलेली जाहिरात

कुकरची दुसरी शिट्टी झाली, मी अभयचा डबा भरत होते, तेवढ्यात दारावर टकटक. बेल असूनही टकटक करणारं आमच्याकडे एकच माणूस, सत्यशीलाबाई. बिबवेवाडीत घरोघर मसाला विकतात. मीही चार वर्षं त्यांचाच घेते.

आज हातात पिशवी नव्हती, मोबाईल होता.

"ताई, हे तुम्ही लिहिलं?"

मीच लिहिलं होतं. आधी फेसबुकवर मसाल्याचंच कौतुक टाकलं होतं: निवडलेली मिरची, घरी भाजलेले धणे. महिन्यात सहा पाकिटं गेली. अभय, माझा मुलगा, ऑनलाइन जाहिरातींच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, मसाला कोण बघतंय? बाईची गोष्ट लिही." मग मी त्यांच्या फोटोखाली लिहिलं, 'पतीच्या निधनानंतर एकटीनं सावरलेला संसार.' पंधरवड्यात दीडशे पाकिटं! खराडीपासून हिंजवडीपर्यंत. मी आपली चार जणींना सांगत फिरले.

"माझे मिस्टर आहेत, ताई. मार्केट यार्डात हमाली करतात. मिरच्या तेच भाजतात."

डबा हातातच राहिला. "पण तुम्ही कुंकू... म्हणजे मला वाटलं..."

"माझ्या आजेसासूनं छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी लावत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

चार वर्षांत मी तिखट किती ते विचारलं, भाव विचारला. घरी कोण कोण असतं, हे नाही विचारलं. बी.ए.ला समाजशास्त्र होतं माझं. कपाळ पाहिलं आणि एक माणूस मारून मोकळी झाले.

"यार्डात कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं. म्हणाले, 'आनंदराव, तुम्ही गेलात म्हणे! मग ही पोती कोण उचलतंय?' हे पण हसले तिथं. पण रविवारी मिरच्या भाजायला बसलेच नाहीत."

आतून अभय ओरडला, "आई, आत्ता बदलू नकोस हं, मस्त चाललंय!"

"तू गप्प बस," मी म्हणाले. सत्यशीलाबाईंकडे मान वर करून बघवेना. "मी आत्ताच काढून टाकते सगळं."

"काढू नका. फोटो राहू द्या, मसाल्याचं लिहिलंय तेही राहू द्या."

"पण मग ऑर्डरी कमी झाल्या तर?"

"होऊ देत. फक्त माझा नवरा जिवंत आहे, एवढं लिहा."