चौथा उद्गार

हे गेल्यापासून मला प्रार्थनेत शब्दच सापडत नव्हते. डोळे मिटून बसायचे आणि तशीच उठायचे. सांगणार कुणाला? अमरावतीच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मी म्हणजे विश्वासाची वकील. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून ‘देव आहे कशावरून?’ विचारणारी कॉलेजची पोरं पाळकसाहेब माझ्याकडेच पाठवायचे. जगाला सुरुवात आहे तर सुरू करणारा कोण, बरंवाईट कळतं ते कुठून, असं करत मी त्यांना भंडावून सोडायचे. पटल्याशिवाय मी कुणाला उठू द्यायचे नाही.

माझा एकुलता एक लेक विनय अकोल्याला नोकरीला आहे. वडिलांच्या दफनविधीनंतर त्याने चर्चची पायरी चढणं सोडलं. नवरा मातीत ठेवला, आता लेकही हातचा जातो की काय, या धास्तीने मला घास गोड लागेना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. यंदा चौथा माझ्या वाट्याला आला. त्यात प्रभू देवालाच विचारतो, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, मला का टाकलंस?’ विनयने निदान हे ऐकायला यावं म्हणून आदल्या दिवशी मी अकोल्याला गेले आणि जेवताजेवता सगळे मुद्दे त्याच्यापुढे मांडले. त्याने ताट बाजूला सारलं.

“देव नाही, आई. अन् असला, तर माह्या बापाचा गुन्हेगार आहे तो. तुह्या पुराव्यांचं मी काय करू?”

परतीच्या एसटीत मला रडू आवरेना. शेजारी बुरख्यातल्या एक वयस्कर बाई होत्या. “काहून रडून राहिल्या, बाई?” म्हणत त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. परक्या माणसापुढे जीभ सैल सुटते. मी लेकाचं सगळं सांगून टाकलं.

“माहा जवान पोरगा गेला, तवा मीबी अल्लाशी लई भांडली,” त्या म्हणाल्या. “रिकाम्या घराशी कोणी भांडते का? तुमचा लेक दार ठोकून राहिला. ठोकू द्या त्याले.”

मूर्तिजापूरला त्या उतरून गेल्या. नाव विचारायचंही राहून गेलं.

शुक्रवारी भर दुपारी मी बोलायला उभी राहिले, तर मागच्या बाकावर विनय. कधी येऊन बसला, देव जाणे. घोकून आणलेलं काहीच मला म्हणवेना. म्हटलं, “आज माझ्याकडे पुरावा नाही. यांना नेल्यापासून मीही हेच विचारते आहे. पण प्रभूनेही हेच विचारलं, आणि विचारताना देवाला ‘माझा’ म्हणणं सोडलं नाही. मला एवढंच कळलं आहे.” आणि खाली बसले. माझ्यासारख्या बोलघेवडीचं इतकं छोटं भाषण मंडळीने कधी ऐकलं नसेल.

त्या बाईंना एसटीत माझ्या शेजारी कोणी बसवलं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मी मनापासून आभार मानते, बस्स. लेकाला ओढून आणायचं ओझं मी उगाच माझ्या डोक्यावर घेतलं होतं. ते ज्याचं, त्याच्या हवाली केलं आणि त्या रात्री मला झोप लागली.

ईस्टरच्या पहाटे आम्ही दफनभूमीत जातो. घरोघरची माणसं आपापल्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, गीतं म्हणतात. विनय माझ्यासोबत आला, पण गाण्यात काही मिसळला नाही. यांच्या कबरीची माती अजून बसलेली नव्हती. तिथे तो हात बांधून उभा राहिला, आणि एकदम त्याचा आवाज फुटला.

“काहून नेलं रे तू त्यांले?”

उत्तर द्यायची सवय, माझे ओठ हललेसुद्धा. पण त्याने ते मला विचारलंच नव्हतं. किती महिन्यांनी माझा लेक देवाशी बोलत होता! मी त्याला विचारू दिलं, आणि मग हळूच म्हटलं, “आमेन.”