परक्या भिंतीवरची नोटीस

नव्वदीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागच्या दाराशी नाला. कारखान्यांकडून येणारं त्याचं पाणी कधी जांभळं असायचं, कधी हळदी. संध्याकाळी त्यावर धूर उतरला की पलीकडच्या चाळीचे दिवे पाण्यातच लावल्यासारखे दिसत. ताईच्या नोकरीचं सगळं बोलणं त्या उन्हाळ्यात याच दारात बसून झालं.

ताई रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली होती. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी तिला संशोधकाची जागा देऊ केली होती. प्रकल्प पावसाळा संपता संपता सुरू व्हायचा होता. तोवर ती पोचली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मधे अडसर एकच, कामाचा व्हिसा.

त्याचा पहिला अर्ज ताईने करायचा नव्हता. परदेशी कर्मचाऱ्यांसाठी विद्यापीठाचं वेगळं ऑफिस होतं. या बाईंना इथल्या माणसापेक्षा कमी पगार देणार नाही, असं ते कामगार खात्याला लिहून देणार, मग इमिग्रेशनकडे अर्ज करणार, फीही भरणार. मंजुरी आली की ताईने मुंबईतल्या वकिलातीत जायचं.

बाबा केमिकल कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनच्या कमिटीवर. त्यांना हे पटेना.

"मालक सरकारकडे अर्ज करतो? या बाईला कामावर ठेवू द्या म्हणून?"

"हो, बाबा."

"आणि इथं माणूस गेटवर उभा राहून वाळतो."

"तिथं थंडी किती पडते, ते विचारा आधी," आई म्हणाली.

घरी फोन नव्हता. शेजारच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प चारमध्ये, लेस आणि बटणं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे फॅक्स होता, त्याचा नंबर ताईने दिला होता. एका दुपारी त्याने निरोप धाडला, "डॉक्टर बेटी का कागज आया है, ले जाओ."

विद्यापीठाने कळवलं होतं, की नियमाप्रमाणे विभागात दोन ठिकाणी नोटीस लावली आहे. या पदावर परदेशी व्यक्ती नेमत आहोत, पगार इतका, कोणाची तक्रार असल्यास कामगार खात्याकडे करावी.

बाबांनी ते ताईकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांच्या जगात भिंतीवरची नोटीस म्हणजे ले-ऑफ, नाहीतर कोणाचं तरी सस्पेन्शन. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळीवर ही गोष्ट सांगितली, तेव्हा जवळच्या जांभूळ गावचा एक जोडीदार हसायला लागला.

"काय भाऊ, गेटवर भाषण ठोकता, गावातल्या पोरांना आधी घ्या. आता तुमचीच पोरगी बाहेरची झाली की! तिथला जांभूळवाला गप बसंल व्हय?"

बाबांनी हे घरी येऊन सांगितलं, पण हसले नाहीत.

त्यानंतरचे दिवस सगळं घर मनातल्या मनात त्या भिंतीकडे बघत राहिलं. आईची भिंत बुद्धविहारासारखी फिक्या निळ्या रंगाची होती. माझ्या भिंतीशेजारी खिडकी होती आणि बाहेर आवाज न करता बर्फ पडत होता. बाबांच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. तिच्यासमोर हातात डबे घेतलेली माणसं उभी होती, नोटीस वाचून एकमेकांकडे पाहत होती. बाबा जेवताना मधेच थांबत, त्या माणसांतलं कोणी काही बोललं की काय ते ऐकत असल्यासारखे.

कंपनीच्या गेटवर एक रीत होती. व्यवस्थापनाची नोटीस लागली की युनियनने पाळी सुटायच्या आत शेजारी आपलं उत्तर चिकटवायचं. नुसती नोटीस राहू द्यायची नाही. बाबांनी आपल्या उत्तराचं युनियनच्या टायपिस्टकडून इंग्रजी करून घेतलं आणि ताईला न सांगता, विद्यापीठाच्या कागदावरचा फॅक्स नंबर घेऊन कॅम्प चार गाठला.

"किसको भेजना है, साईं?" दुकानदाराने विचारलं.

"कामगारांना."

मजकूर असा होता: "विभागातील सर्व कामगार बंधू-भगिनींना. ही मुलगी तुमची भाकरी हिसकावायला येत नाही. ती तुमच्यापेक्षा कमी पगारात काम करणार नाही. करू लागली तर आम्हाला कळवा." खाली सही, हुद्दा आणि युनियनचा शिक्का.

विद्यापीठाचं उत्तर ताईच्या नावे आलं. कोणत्या संघटनेने हरकत घेतली आहे? खुलासा होईपर्यंत अर्ज थांबवला आहे.

"बाबा, हे तुम्ही पाठवलंत?"

"नोटिशीला उत्तर द्यावंच लागतं."

"ती भांडणाची नव्हती हो! नुसती माहितीची होती."

"माहितीची नोटीस मी अजून पाहिली नाही."

ताई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. तिने खुलासा पाठवला. ही हरकत नाही, पाठवणारे माझे वडील आहेत, आमच्या गावात नोटिशीला उत्तर देण्याची पद्धत आहे. त्यावर बरेच दिवस काही आलं नाही. पावसाने नाल्याचं पाणी साधं, मातकट झालं. बाबा पाळीवरून परस्पर कॅम्प चारला जात आणि रिकाम्या हाताने परत येत.

अखेर अर्ज गेला. मंजुरी आली तेव्हा प्रकल्प सुरू होऊन गेला होता, पण त्या ऑफिसनेच प्राध्यापकांना विनंती करून जागा थोडे आठवडे राखली होती. पासपोर्टवर शिक्का पडला तेव्हा ताई बाबांशी पुन्हा बोलू लागली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती मागच्या दाराशी बॅग बांधत होती.

"तिथं युनियन असेल तर सभासद हो," बाबा म्हणाले.

"बाबा, व्हिसा विद्यापीठाचा आहे. नोकरी गेली तर तिथं राहताही येत नाही."

"दुसरीकडे लागायचं."

"दुसऱ्या मालकालाही सरकारकडे अर्ज करावा लागतो. तसाच, पहिल्यापासून."

मालकाशी पटलं नाही की गेटबाहेर यायचं, बाहेर आपली माणसं असतात, एवढंच बाबांना ठाऊक होतं. या नोकरीच्या गेटबाहेर त्यांना कोणी दिसत नव्हतं. बॅगेची चेन अडली, ती त्यांनी ओढून लावली.

"भांड," ते म्हणाले, "पण जपून."

जपून भांड, असं ते आजवर कोणालाही म्हणाले नव्हते.