मागच्या जिन्याचं दार

हॅकेटच्या घराबद्दल आमच्या गावात कोणालाही विचारा, आधी बुरुजाचं नाव काढतील. मग रंगीत काचा, मग पुढच्या जिन्याचा अक्रोडाचा कठडा. मी सुतार. त्या घराचा खिळान् खिळा माझ्या ओळखीचा आहे. मला विचाराल तर तिथे बघण्यासारखी वस्तू एकच होती, स्वयंपाकघरातून नोकरांच्या जिन्याकडे जाणारं साधं पाइनचं दार. ते गावाला दाखवलं ऑर्फा डिलनं.

पण आधी मालक. घर बांधलं एझ्रा हॅकेटनं, १८८६ साली. आरागिरणी त्याचीच. हल्ली पाहुण्यांना घर दाखवणाऱ्या समितीच्या माहितीच्या कार्डावर लिहिलंय, ‘उत्तम लाकडाचा रसिक.’ रसिक कसला डोंबलाचा! संपाच्या वर्षी त्याच बुरुजातून बंदूक चालवून त्यानं संपावरचे दोन ओंडकेवाले मजूर आडवे केले. त्यातला एक संध्याकाळपर्यंत कुंपणापाशी पाण्यासाठी ओरडत होता, आणि पाणी द्यायला जाईल त्याच्यावर हॅकेट गोळी झाडत होता. दुसरा मालक डॉक्टर व्हिटकम. दिवाणखान्याची भिंतीत सरकणारी दारं लावून घ्यायचा आणि पोटच्या पोराला घोड्याच्या चाबकानं फोडून काढायचा. कार्डावर काय, तर ‘सरकती दारं, अप्रतिम कारागिरी.’ ते मात्र खरं, बाहेर हूं की चूं ऐकू येत नसे.

तिसरा क्लेटन रस्क, गिरणीचा मॅनेजर. बैलासारखी मान आणि तसंच डोकं. ऑर्फाची थोरली बहीण नेल त्याच्याकडे स्वयंपाकाला होती. १९३६च्या मार्चमध्ये नेल मेली. बावीस वर्षांची पोर, कवटी मागून दोन ठिकाणी फुटलेली. रस्कनं शेरीफला सांगितलं, “जिन्यात धाडकन आवाज झाला. मी स्वयंपाकघरातून दार ढकललं, तर पोरगी पायथ्याशी पडलेली. पाय पायऱ्यांवर, डोकं उंबऱ्याशी.” पेपरातही तेच छापून आलं. सगळ्यांना पटलं. नोकरांचा जिना म्हणजे नुसती शिडी, त्यात वळणाचा, त्यात अंधारा. घसरली असेल बिचारी.

घरी दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, म्हणून पुढच्याच आठवड्यात सतरा वर्षांची ऑर्फा त्याच चुलीपुढे उभी राहिली. एके दिवशी ती ओल्या चादरींची टोपली मागच्या जिन्याच्या पायथ्याशी ठेवून, दार लोटून वर गेली आणि पुढच्या जिन्यानं खाली उतरली. टोपली घ्यायला स्वयंपाकघरातून दार ढकललं, तर ते चार बोटं उघडलं आणि अडलं. पायथ्याशी जागा जेमतेम दाराच्या रुंदीएवढी, आणि दार उघडतं आत, त्याच जागेवर. साधी टोपली दार अडवते, मग तिथे अख्खी नेल पडलेली असताना रस्कनं ते उघडलं कसं?

ती धावत शेरीफकडे गेली. शेरीफ हसला आणि संध्याकाळी पत्ते खेळताना त्यानं रस्कच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्कनं तिचा डावा हात त्याच दाराच्या चौकटीवर धरला आणि दार आपटलं. एकदा नाही, तीनदा. दोन बोटांचा चुरा झाला.

“आता कळलं दार कसं लागतं ते?” म्हणाला.

त्यानंतर चाळीस वर्षं ऑर्फानं मासळीच्या कारखान्यात काढली. आठ बोटांनी ती इतरांच्या दहा बोटांपेक्षा भरभर मासे चिरायची आणि तितक्याच भरभर शिव्या घालायची. नवऱ्यानं, मर्लनं, लग्नानंतर एकदा हात उगारला. हिनं बिडाचा तवा असा हाणला की त्याचे पुढचे दोन दात सूपमध्ये सापडले. पुढे संसार सुखाचा झाला.

१९७६ साली देश स्वतंत्र झाल्याला दोनशे वर्षं झाली आणि लोकांना जुन्या घरांचं वेड लागलं. रस्कनं घर गावाला दिलं. समितीच्या लॅटिमरबाईंनी रविवारी घर दाखवायचं ठरवलं, आणि घरात काम केलेली म्हणून ऑर्फाला टोपी-एप्रन घालून स्वयंपाकघरात उभं करायचं. मला हुकूम झाला, ते मागचं दार उलटं बसव, स्वयंपाकघराकडे उघडेल असं, नाहीतर पाहुणे अडकतील. हे कळल्याबरोबर ऑर्फा माझ्या सुतारकामाच्या शेडमध्ये हजर.

“एल्डन, त्या दाराला हात लावलास तर बघ.”

“अगं बाई, समितीनं सांगितलंय.”

“सांग बिजागऱ्या मिळत नाहीत. एरवी थापा मारतोसच की, उद्या येतो, परवा येतो.”

मी हसलो. ती हसली नाही. “ते दार फिरवलंस तर नेल घसरूनच मेली असं होईल, कायमचं. माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही रे.”

मी थाप मारली.

रविवारी स्वयंपाकघरात तीसेक माणसं. मधोमध मानाचा पाहुणा रस्क, चौऱ्याहत्तरीचा, मान तशीच. ऑर्फानं समितीनं वाचायला दिलेलं कार्ड चुलीत टाकलं आणि रस्कनं शेरीफला सांगितलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

“आता मी आत जाते आणि नेल पडली होती तशी पडते,” ती म्हणाली. “साहेबांनी फक्त दार उघडून दाखवायचं.”

आत गेली. दार लागलं.

“ऑर्फा, पुरे गं गंमत!” लॅटिमरबाई म्हणाल्या.

रस्क तेव्हा निघून गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण एक साधं दार आपल्याला उघडता येत नाही हे गावानं बघायचं? त्यानं हातानं ढकललं. चार बोटं.

“उघडलं का हो साहेब?” आतून आवाज आला.

त्यानं खांदा लावला. आत काहीतरी कडकन मोडलं आणि ऑर्फा किंचाळली. तो मागे सरला आणि लाथ घातली. परत घातली. फटीतून रक्त दिसायला लागलं. मी त्याला मागून धरलं, तर मला त्यानं चुलीवर भिरकावलं.

“ऊठ, सटवे!” तो गरजला. “खोटारडे, ऊठ! ती अशी नव्हतीच पडली! चुलीपाशी पडली होती ती, चुलीपाशी!”

रस्क आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मी पुढच्या जिन्यानं वर गेलो आणि मागच्यानं खाली उतरलो. ऑर्फाच्या गळ्याजवळचं हाड मोडून वर आलं होतं, कपाळ फुटलं होतं.

“सगळ्यांनी ऐकलं?”

“सगळ्यांनी. चल, उचलतो तुला.”

“हात लावू नकोस!” दात आवळून ती म्हणाली. “आताचा शेरीफ येऊ दे. त्यालाही एकदा दार ढकलून बघू दे.”

शेरीफ यायला पाऊण तास लागला. तोवर ती तशीच पडून होती, डोकं उंबऱ्याशी आणि पाय पायऱ्यांवर.