मेल्विनाची केसाळ सवत

न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत मेल्विना राइडआउटच्या हातच्या सुक्या कॉड माशाचं नाव होतं. बाई कष्टाळू, पण पोटात सदा दुखायचं. तिचा नवरा सेल्बी तीस वर्षांत तिच्याशी वाऱ्यापाण्यापलीकडे बोलला नव्हता, आणि बोसन नावाच्या काळ्या कुत्र्याला मात्र ‘माझ्या राजा’ म्हणायचा.

राजाची सगळी सेवा हिच्याच गळ्यात. माणसाएवढं वजन, आणि समुद्रातून आला की कान आतून कोरडे करायचे, नाहीतर सडतात. पिल्लू होता तेव्हा हाडं कोवळी म्हणून जिना चढू द्यायचा नाही. हिनंच उचलून न्यायचा. भिंतींना लाळ, चहात केस. खरी सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. याच्या रोज विंचरायच्या!

“मी मेले तर कळेल तरी का रे तुला?” ती एकदा सेल्बीवर फणकारली.

“कळेल की. बोसन उपाशी राहील.”

मेल्विनाच्या अंगाचा तिळपापड झाला.

ऑगस्टातल्या एका दुपारी सेल्बी धक्क्यावर जाळं सांधत बसला होता, मांडीवर बोसनचं डोकं. ते बघून तिला राहवेना. ती तरबेज पोहणारी. खाडीतल्या कोळ्यांना मात्र, सेल्बीसकट, पोहता येत नसे. या दोघांतलं कोण आपल्यासाठी येतं ते बघूच, म्हणून ती कपड्यांनिशी पाण्यात शिरली आणि खोलात जाऊन ओरडली, “बुडाले!”

बोसननं नुसती मान वर केली. दर उन्हाळ्यात तो तिच्याबरोबर पोहायचा. ही बुडणारी नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक. सेल्बीनं मात्र जाळं फेकलं, बुटांसकट उडी मारली आणि धोंड्यासारखा तळाला निघाला.

तेव्हा कुठे बोसन झेपावला. बाही दातांत धरून त्यानं धन्याला ओढलं, मेल्विनानं मागून रेटलं.

काठावर बोसन तोंड चाटायला आला. सेल्बीनं त्याला कोपरानं ढकललं. “हट, बाजूला हो!” खोकतखोकत तो तिचे खांदे, हात चाचपत राहिला.

“पोहता येत नाही, आणि उडी कसली मारतोस, मेल्या?” ती रडायलाच लागली.

“तू ओरडलीस ना.”

“अरे, मी बुडत नव्हते.”

“ते मला काय ठाऊक?”