पिंपळपानाचा करंडा

खरादी चाचा लाकडाला हत्यार लावण्याआधी कान लावायचे. ठोकळा कानाशी धरून बोटानं टकटक करायचे, डोळे मिटायचे, आणि बहुतेक वेळा मान हलवून तो बाजूला सारायचे. शिरूरच्या बाजारात खरादावर लाकूड फिरवून लाटणी आणि पाळण्याचे खूर करून देणारा हा माणूस, पण काळजी अशी करायचा जणू प्रत्येक लाटणं आजारी आहे. "आतून चिरलंय," म्हणायचे. "आज दिसत न्हाई, उद्या दिसंल."

त्या वर्षी लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. मी नववीत होते. वडिलांची बदली लातूरच्या नव्या कचेरीत झाली आणि सामान बांधताना सगळ्यांना काळजी लागली ती आजोबांच्या पानाची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी आजोबा बोधगयेला गेले होते. तिथल्या पिंपळाखाली पडलेलं एक पान त्यांनी वहीत घालून आणलं. आजोबा गेले, पान राहिलं. त्या कोरड्या हवेत ते इतकं ठिसूळ झालं होतं, की वही उघडताना आई श्वास रोखायची. एसटीच्या हादऱ्यांत त्याचा चुरा होणार, हे उघड होतं.

वडील मला घेऊन चाचांकडं गेले. स्तूपाच्या आकाराचा करंडा हवा, म्हणाले. चाचांनी स्तूप कधी पाहिला नव्हता. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्यांनी चित्रातल्या घुमटावरून बोट फिरवलं.

"करतो. पन पान माझ्याकडं ठिवू नका. कागदावर माप द्या. तुमची अमानत माझ्या हातात मोडली तर तोंड कुठं दाखवू?"

पुढचे आठ दिवस त्यांनी नुसते ठोकळे वाजवले. एकही पसंत पडेना. जायचा दिवस जवळ येत होता. नवव्या दिवशी मी शाळेतून येताना पाहते, तर त्यांच्या दुकानाच्या ओसरीचा सागवानी खांब गायब! त्याच्या जागी बाभळीचा वेडावाकडा टेकू.

"आब्बाच्या वक्ताचा खांब," चाचा म्हणाले. "जेवढं सुकायचं तेवढं सुकून झालंय. ह्यो दगा देनार न्हाई."

त्यांनी घुमट खरादावर उतरवला, मधोमध उभा चिरला आणि दोन्ही अर्ध्यांना बिजागरी लावली. वर एकावर एक तीन छत्र्या. आत पानाच्या मापाची खोबण, तिला आईनं दिलेल्या पांढऱ्या कापडाचं अस्तर.

वडील लातूरला हजर झाले होते, म्हणून पान घेऊन आई आणि मीच दुकानात गेलो. आईनं वही उघडली, पण पानाला हात लावला नाही. "चाचा, मला होत न्हाई. तुमीच ठेवा."

चाचांनी हात धुतले, कोरडे केले, पानाखाली हळूच पोस्टकार्ड सरकवलं. आईनं डोळे मिटले, आणि मी आईकडं बघत राहिले.

"भाभी, डोळे उघडा," चाचांचा आवाज आला. "माझ्याकडून देठ तुटला."

त्यांनी तो गुपचूप खोबणीत जुळवून ठेवला असता, तर आम्हाला कधीच कळलं नसतं.  आईनं डोळे उघडून पानाकडं पाहिलं. मला वाटलं, आता रडणार.

"माझ्या हातनं सगळं पान गेलं असतं चाचा," ती म्हणाली. "तुमच्या हातनं नुसता देठ गेला."

 चाचांनी देठासाठी छोटी वेगळी खोबण कोरली. लातूरपर्यंत करंडा आईच्या मांडीवर होता.

पुढं मी उमरीला शिक्षिका झाले. चाचा तिथंच लेकीकडं असल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. त्यांची दृष्टी गेली होती. चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पान कसं हाय?" मी वाटेत खोटं बोलायची तयारी केली होती, पण जीभ वळेना.

"झडलं चाचा. नुसत्या शिरांची जाळी उरलीय."

 त्यांनी विचारलं, "आन तरी ठिवलंय?"

"आई रोज करंडा पुसते."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मला वाटायचं, झडलं की लोकं फेकून देत असत्याल."

दोन महिन्यांनी ते गेले. मी तेव्हा सुट्टीला लातूरला होते, मातीला पोचू शकले नाही. नंतर भेटायला गेले, तेव्हा लेक म्हणाली, "तुमी येऊन गेल्यापासून आब्बा निवांत झोपत होते."